अहवालातील जंतू आणि रुग्णातील व्याधी

कऱ्हाड हे गाव सातारा जिल्ह्यातील. परंतु महामार्गाने थोडे दक्षिणेस गेले की कासेगाव, नेर्ले, पेठ ही सांगली जिल्ह्यातील गावे लागतात. त्यामुळे कऱ्हाडातील आमच्या चिकित्सालयात दोन्ही जिल्ह्यांचे रुग्ण येतात. त्यांपैकी बहुतेकांच्या हातात कऱ्हाड, सांगली वा मिरजेच्या प्रयोगशाळेतील अहवालांची प्लॅस्टिकची पिशवी असते. आम्ही व्यवसायास आरंभ केला तेव्हा रुग्ण प्रथम आपला त्रास सांगत असे. आता तो प्रथम पिशवी पुढे करतो. अहवाल वाचणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु अहवालात जंतू आढळला म्हणजे रुग्णास जंतुसंसर्ग झाला, हे समीकरण आपल्या व्यवसायात नकळत रूढ झाले आहे. त्यामुळे काय घडते, हे आमच्याच दोन चुकांच्या आधारे येथे मांडत आहोत.

पहिली चूक

काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातील सत्तरी ओलांडलेल्या एक आजी गुडघेदुखीसाठी मुलासमवेत आल्या. मधुमेह जुना, पण आटोक्यात. गावातील तपासणी शिबिरात रक्ताबरोबर लघवीही तपासली गेली होती. पस सेल्स १५ ते २०. पुढे केलेल्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू, प्रति मिलिलिटर १ लाखाहून अधिक. आजींना मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह नव्हता, लघवीची वारंवारता पूर्वीइतकीच होती, ज्वर नव्हता, कुशीत वेदना नव्हती. मुलगा मात्र घाबरला होता. "डॉक्टर, एवढे जंतू निघालेत आणि तुम्ही गुडघ्याला तेल देताय?" या प्रश्नापुढे आम्ही नमलो आणि सात दिवसांचे प्रतिजैविक लिहून दिले.

त्या औषधाने आजींना अतिसार झाला, अन्नावरची वासना गेली. महिन्याने केलेले कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आले. मुलाने दुसरीकडे दाखविले. तेथे दुसरे प्रतिजैविक मिळाले, नंतर तिसरे. चौथ्या महिन्यात आजींना खरोखरच थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत वेदना सुरू झाल्या, उलट्या होऊ लागल्या. या वेळी उगवलेला ई. कोलाय पोटात घेण्याच्या बहुतेक औषधांना दाद देत नव्हता. मिरजेत दहा दिवस राहून शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागली. आजी बऱ्या झाल्या. परंतु खर्चासाठी घरची दुभती म्हैस विकली गेली.

आमच्या पहिल्या औषधामुळेच हे सारे घडले असे सिद्ध करता येणार नाही. परंतु व्याधी नसताना आम्ही औषध दिले आणि व्याधी झाला तेव्हा ते औषध निरुपयोगी ठरले होते, एवढे खरे.

एका अहवालाचे तीन अर्थ

कल्चर एकाच प्रश्नाचे उत्तर देते: या नमुन्यात कोणता जंतू वाढला? तो तेथे कसा आला आणि तेथे काय करीत आहे, हे कल्चर सांगत नाही. एकाच पॉझिटिव्ह अहवालाचे तीन अर्थ संभवतात.

पहिला अर्थ, नमुना अशुद्ध असणे. त्वचेवरील वा योनिमुखाजवळील जंतू नमुना घेताना बाटलीत उतरतात. एप्रिलच्या उन्हात शिराळा तालुक्यातील एखाद्या वाडीवरून एस.टी.ने आलेल्या बाटलीत तर थोडे जंतू तीन-चार तासांत असंख्य होतात.

दुसरा अर्थ, जंतुनिवास. यास आधुनिक वैद्यक कॉलनायझेशन म्हणते. जंतू खरोखरच त्या स्थानी राहत आहेत, वाढत आहेत. परंतु धातूंमध्ये शिरलेले नाहीत आणि शरीरानेही त्यांच्याविरुद्ध ज्वर, शोथ, वेदना या रूपाने प्रतिक्रिया दिलेली नाही.

तिसरा अर्थ, जंतुसंसर्ग. येथे जंतूंमुळे धातूंची हानी होत आहे आणि ती लक्षणांनी व्यक्त होत आहे. चिकित्सा प्रायः या तिसऱ्या अवस्थेचीच करावयाची असते.

जंतुनिवास हा अपवाद नसून शरीराचा नित्य व्यवहार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. दहा निरोगी माणसांपैकी साधारण तिघांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडतो. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. रॉबर्ट कॉख यांनी रोग व जंतू यांचे नाते ठरविताना जंतू रोग्यात सापडावा, निरोगी व्यक्तीत सापडू नये, अशी अपेक्षा धरली होती. कॉलऱ्याचे जंतू निरोगी माणसांतही सापडू लागले तेव्हा त्यांना स्वतःलाच ती अपेक्षा सोडावी लागली.

आपल्या भागातील जनतेच्या मनात 'पॉझिटिव्ह' हा शब्द पक्का बसला तो मार्च २०२० मध्ये, तेव्हाच्या इस्लामपुरात एकाच कुटुंबाभोवती करोनाचे रुग्ण सापडू लागले त्या दिवसांत. पॉझिटिव्ह म्हणजे रोगी, पॉझिटिव्ह म्हणजे विलगीकरण, असा तेव्हाचा व्यवहार होता आणि साथीच्या काळात तो समजण्यासारखाही होता. परंतु तोच अर्थ आता लघवीच्या व जखमेच्या कल्चरला चिकटला आहे. तो सोडविणे हे आपले काम आहे.

आपल्या संहितांतील दृष्टी

चरकसंहितेच्या विमानस्थानात सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत. परंतु सहज कृमी त्या गणनेतून स्पष्टपणे वगळले आहेत. हे सहज कृमी विकार उत्पन्न करीत नाहीत, असा खुलासा चक्रपाणिदत्तांनी टीकेत केला आहे. शरीरात काही जीव जन्मतःच सोबत असतात आणि त्यांची चिकित्सा करावयाची नसते, हा विचार आपणास परका नाही. मात्र येथे एक संयम पाळावा. कृमी म्हणजेच बॅक्टेरिया असे समीकरण मांडून चरकांना सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ठरविण्याचा मोह टाळावा. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. विकार करणारे आणि न करणारे यांत भेद करण्याची दृष्टी होती. आपण वारसा सांगावयाचा तो त्या दृष्टीचा.

सुश्रुतांनी सूत्रस्थानात आमपक्वैषणीय अध्यायात शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था ओळखण्यास सांगितले आहे. कच्चा शोथ अज्ञानाने छेदणारा आणि पिकलेल्या शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही त्यांनी एकाच पंक्तीत बसवून कठोर शब्दांत दोषी ठरविले आहे, कारण दोघेही निश्चय न करता कर्म करतात. आजींच्या बाबतीत आम्ही पहिल्या प्रकारचे दोषी ठरलो. दुसऱ्या प्रकारचा दोष पुढे सांगत आहोत.

मूत्रपरीक्षण: १ लाखाचा खरा अर्थ

प्रति मिलिलिटर १ लाख ही मर्यादा एडवर्ड कॅस यांच्या १९५० च्या दशकातील अभ्यासातून रूढ झाली. नमुन्यात बाहेरून मिसळलेले जंतू आणि मूत्राशयातच असलेले जंतू यांत भेद करणे हा तिचा हेतू होता. म्हणजे ही संख्या पहिल्या व दुसऱ्या अर्थातील सीमारेषा दाखविते. दुसऱ्या व तिसऱ्या अर्थातील, अर्थात निवास व संसर्ग यांतील, सीमारेषा रुग्णाच्या लक्षणांत असते, संख्येत नसते. आमच्या मते आपल्या व्यवसायातील सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो.

लक्षणांविना मूत्रात जंतू असणे किती सामान्य आहे, ते पाहावे. आपल्या घरी राहणाऱ्या सत्तरीपुढील स्त्रियांत साधारण १० ते १६ टक्के, तर वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी दीर्घकाळ राहणाऱ्या स्त्रियांत २५ ते ५० टक्के इतके हे प्रमाण अनेक अभ्यासांत दिसले आहे. मूत्रमार्गात कॅथेटर असल्यास प्रत्येक दिवशी ३ ते ८ टक्के रुग्णांत नव्याने जंतू प्रवेश करतात. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाचे कल्चर पॉझिटिव्ह येते. पस सेल्स अशा निवासातही आढळतात, म्हणून केवळ त्यांच्या बळावर संसर्ग ठरवू नये. लघवीचा उग्र गंध किंवा गढूळपणाही पुरेसा नाही. पाणी कमी प्याले तरी तसे होते.

मधुमेही रुग्णांत तरी खबरदारी म्हणून औषध द्यावे, असे आम्हांसही वाटत असे. या प्रश्नावर कॅनडात १०५ मधुमेही स्त्रियांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे नसताना मूत्रात जंतू असलेल्या या स्त्रियांपैकी काहींना प्रतिजैविक दिले, काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले आणि त्यांना तीन वर्षांपर्यंत पाहिले. पुढे लक्षणांसह संसर्ग होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४२ टक्के व दुसऱ्यात ४० टक्के, म्हणजे समानच राहिले. औषधे मात्र पहिल्या गटाने कितीतरी अधिक घेतली.

यास दोन महत्त्वाचे अपवाद आहेत आणि ते प्रत्येकाने मुखोद्गत ठेवावेत. गर्भिणीच्या मूत्रात जंतू आढळल्यास लक्षणे नसली तरी उपचार आवश्यक आहेत. अन्यथा वृक्कापर्यंत संसर्ग पोहोचून माता व गर्भ दोघांनाही धोका संभवतो. तसेच प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसारख्या, मूत्रमार्गाच्या अंतस्त्वचेस इजा होणाऱ्या कर्मापूर्वी जंतूंचा बंदोबस्त करावा लागतो. या दोन प्रसंगी जंतुनिवासही उपेक्षणीय नसतो.

वृद्ध रुग्ण अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला की घरचे लघवीचा अहवाल घेऊन येतात. ज्वर वा मूत्रमार्गाची लक्षणे नसतील आणि रुग्ण स्थिर असेल, तर प्रथम शरीरातील जलक्षय, मलावरोध, रक्तशर्करा, सोडियम, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी यांचा शोध घ्यावा. पॉझिटिव्ह कल्चर हाती पडले की हा शोध थांबतो आणि खरे कारण तसेच राहते.

व्रण: स्वॅबपेक्षा व्रणाकडे पाहावे

उघडा व्रण कधीही निर्जंतुक नसतो. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याच्या पायावरील जुन्या प्रमेहव्रणाच्या पृष्ठभागावरून स्वॅब घेतला, तर दोन-तीन जंतू हमखास उगवतात. म्हणून संसर्गाची लक्षणे नसलेल्या व्रणाचे कल्चर करूच नये. शोथ, लालिमा, उष्णता, वेदना, पूय यांपैकी किमान दोन लक्षणे असतील तर संसर्ग समजावा. अशा वेळीही व्रण प्रथम स्वच्छ धुऊन, मृत भाग काढून, तळातील धातूचा लहानसा अंश तपासणीस पाठवावा. वरवरच्या पुवाचा स्वॅब पुष्कळदा निवासी जंतूंचीच यादी देतो.

सुश्रुतोक्त शुद्ध व्रणाचे वर्णन आठवावे: जिभेच्या तळासारखा वर्ण, मृदू, स्निग्ध, वेदनारहित, स्रावरहित. असा व्रण समोर असताना कागदावर कोणताही जंतू असो, प्रतिजैविकाची घाई करू नये. उलट दुर्गंध, वाढता स्राव, भोवतालच्या त्वचेवर पसरणारी लाली दिसल्यास अहवालाची वाट पाहू नये. प्रमेही रुग्णात नाडीसूत्रे दुर्बल झाल्याने वेदना लपते आणि रक्तपुरवठा मंद असल्यास लालीही कमी दिसते, हे ध्यानी ठेवावे. शलाका व्रणातून अस्थीस लागत असेल तर विलंब न करता शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

कंठ आणि एएसओ

शाळकरी मुलांच्या कंठात स्ट्रेप्टोकोकसचा निवास सुमारे १२ टक्क्यांपर्यंत आढळतो. अशा मुलास विषाणुजन्य सर्दी-खोकला झाला आणि स्वॅब घेतला, तर स्ट्रेप्टोकोकस सापडेल. पण आजार त्याचा नसेल. खोकला, नाक वाहणे, आवाज बसणे ही विषाणूंकडे बोट दाखविणारी लक्षणे होत. खोकला नसताना ज्वर, गिलायूंवर पूय व मानेपुढील दुखऱ्या ग्रंथी असतील तर स्ट्रेप्टोकोकसचा विचार करावा आणि योग्य प्रतिजैविक पूर्ण मात्रेत द्यावे. आपल्या देशात आमवातिक ज्वरातून हृदयाच्या झडपा खराब झालेली मुले आजही दिसतात. येथे हयगय नको.

एएसओचा वाढलेला आकडा हा मात्र निराळा विषय आहे. तो मागे केव्हा तरी स्ट्रेप्टोकोकसशी संबंध आल्याचे सांगतो, याहून अधिक नाही. सांधे, हृदय, त्वचा यांची अन्य लक्षणे नसताना केवळ या आकड्यावर मुलास महिनोन्‌महिने पेनिसिलिनची इंजेक्शने देणे म्हणजे कागदाचीच चिकित्सा होय.

दुसरी चूक

हा लेख येथेच संपविला, तर जंतूकडे दुर्लक्ष करा एवढाच त्याचा अर्थ निघेल. म्हणून आता पिकलेल्या शोथाची उपेक्षा.

दिवाळीनंतर दोन्ही जिल्ह्यांत कारखाने सुरू झाले की बीड भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. अशाच एका टोळीतील चोविशीची स्त्री तीन दिवसांच्या मूत्रदाहाची तक्रार घेऊन आली. वारंवार थेंब थेंब लघवी, ओटीपोटात ठणका. तपासणीसाठी पैसे नव्हते. अहवाल नाही, म्हणून आम्हीही ते हलके घेतले. शीतल, मूत्रल औषधे दिली, भरपूर पाणी पिण्यास सांगितले. फडात पाणी कोठून मिळणार आणि आडोसा कोठे मिळणार, हे विचारण्याचे सुचले नाही. चौथ्या दिवशी तिला कोयता गाडीत टाकावा तसे आडवे घालून आणले. अंग थंडीने थरथरत होते. पाठीत बरगडीखाली हलका ठोका देताच ती कळवळली. वृक्कापर्यंत पोहोचलेला तो संसर्ग होता. तातडीने रुग्णालयात पाठविल्याने ती वाचली.

आजींपाशी अहवाल होता, व्याधी नव्हता. या स्त्रीपाशी व्याधी होता, अहवाल नव्हता. दोन्ही वेळा आम्ही कागदाकडे पाहिले. तरुण स्त्रीत मूत्रदाह, वारंवारता व ओटीपोटातील वेदना ही लक्षणे एकत्र असून योनिगत स्राव वा कंडू नसेल, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाचे निदान केवळ इतिहासावरूनही बऱ्याच अंशी निश्चित होते.

याच स्त्रियांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीसमोर आलेल्या बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या अनेक जणी त्यांत होत्या. श्वेतस्राव स्वाभाविक आहे, साध्या औषधाने बरा होणारा संसर्ग आहे की अन्य व्याधी आहे, हा भेद करण्यासाठी लागणारा थोडा वेळ आपण दिला नाही, तर त्याचे मोल रुग्णास किती द्यावे लागते, हे या आकड्यांवरून दिसते.

औषध आपले असले तरी

प्रतिजैविकांच्या अतिवापरावर टीका करणे आपल्या व्यासपीठावर सोपे आहे. परंतु लक्षणविरहित रुग्णास कल्चर 'निगेटिव्ह' करण्यासाठी चंद्रप्रभा वा गोक्षुरादि गुग्गुळ महिनोन्‌महिने देणारा वैद्यही तीच चूक करीत असतो. औषध बदलले तरी निदानाचा दोष तसाच राहतो. आणि थंडीतापासह कुक्षिशूल असलेल्या रुग्णास केवळ काढ्यावर ठेवणे हा त्याहून गंभीर दोष होय. चरकांनी कृमिचिकित्सेत अपकर्षण व प्रकृतिविघात यांसमवेत निदानपरिवर्जन सांगितले आहे. कॅथेटरची गरज संपताच ते काढणे, मलावरोध दूर करणे, रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे, व्रणावरील भार कमी करणे, ही निदानपरिवर्जनाचीच आजची रूपे आहेत आणि येथे आपणास करण्यासारखे पुष्कळ आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

मागच्या वेळी लागू पडलेली गोळी पुन्हा मागणारा किंवा केवळ अहवालाचा कागद दाखवून औषध मागणारा ग्राहक तुमच्या दुकानात रोज येतो. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. सेफिक्झीमसारखी आपल्या भागात सर्रास खपणारी औषधेही तीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. प्रतिजैविकाच्या पट्टीवरील लाल रेषेचा अर्थ ग्राहकास सांगण्याची मोहीम शासनाने २०१६ साली सुरू केली. कायदा बाजूस ठेवला तरी एक प्रश्न प्रत्येक विक्रेता विचारू शकतो: "त्रास काय होतोय?" उत्तर "त्रास काही नाही, रिपोर्टमध्ये आलंय" असे मिळाले, तर त्या ग्राहकास वैद्याकडे परत पाठवावे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. या आकड्याचा एक धागा आपल्या काउंटरपर्यंतही येतो.

लेखणी उचलण्यापूर्वी

पॉझिटिव्ह अहवाल समोर आला की आम्ही आता स्वतःस पुढील प्रश्न विचारतो.

१. ही तपासणी कोणत्या लक्षणासाठी केली होती? लक्षण नसेल, तर ती मुळात का केली?
२. नमुना कसा घेतला व किती वेळात पोहोचला? मूत्राचा मध्यधारेतील नमुना दोन तासांत पोहोचावा, अन्यथा तो शीतकपाटात ठेवलेला असावा.
३. त्या स्थानी संसर्गाची लक्षणे आहेत काय? ज्वर, थंडी, नाडीची गती, रक्तदाब यांवरून सार्वदैहिक परिणाम दिसतो काय?
४. लक्षणांचे दुसरे कारण संभवते काय?
५. रुग्ण अपवादात बसतो काय? गर्भिणी, होऊ घातलेली मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया, क्षीण व्याधिक्षमत्व.
६. औषध न दिल्यास रुग्णास परत केव्हा बोलवावे आणि कोणत्या लक्षणांवर तत्काळ यावे, हे त्यास सांगितले काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. औषध न देणे म्हणजे रुग्णास सोडून देणे नव्हे. ताप, थंडी, कुशीत वेदना, उलटी यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी यावे, एवढे वाक्य केसपेपरवर मराठीत लिहून दिले, तर नातेवाईकांची भीती पुष्कळ कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आजी अजूनही गुडघ्यांसाठी येतात. मागच्या खेपेस मुलाने पुन्हा एका शिबिरातील लघवीचा अहवाल पुढे केला, जंतू होतेच. आम्ही आजींना नेहमीचे चार प्रश्न विचारले, पोट व पाठ तपासली, तापमान पाहिले आणि अहवाल मुलाच्या हाती परत दिला. त्याने या वेळी वाद घातला नाही. "म्हणजे जंतू आहेत, पण आजार नाही?" एवढेच त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो आणि आजींच्या गुडघ्यांकडे वळलो.